योहानभाऊंचं मागणं

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी जन्मानं ख्रिस्ती. रविवारी देवळात जातो, जेवणाआधी डोळे मिटतो... पण आयुष्य दवाखान्यात गेलं. नाडी, ताप, औषध — मला कळायचं ते एवढंच.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, तेव्हाची गोष्ट. मी मूळचा नगरकडचा. अमडापूरला मिशनच्या लहानशा दवाखान्यात कंपाउंडर होतो. गावाबाहेर योहानभाऊंचा वांगी-मिरचीचा मळा होता. ते मूळचे दोन दिवसांच्या पायी वाटेवरच्या दुसरबीडचे, पूर्वीचं नाव सखाराम. बाप्तिस्मा घेतला तेव्हा धाकट्या भावानं, गणपतनं, त्यांच्या घरचं पाणी सोडलं. मग नवरा-बायको इकडे येऊन राहिले. पुढं दोघा भावांत ना भेट, ना निरोप.

त्या हिवाळ्यात योहानभाऊंना पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. तोंडातून नुसती घरघर यायची. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून मी रोज दुपारी त्यांची कूस बदलायला जायचो. नंतर त्यांची बायको राहेलबाई खाटेशी गुडघे टेकायची आणि मोठ्यानं प्रार्थना करायची. "प्रभू, यायले उभं कर. यायचे पाय चालू दे."

आणि दर वेळी योहानभाऊ मान हलवायचे. नाही, नाही.

आमच्या देवळातले पाळकसाहेब म्हणाले, दुखण्यानं विश्वास डळमळलाय. मी एकदा वाकून विचारलं, "भाऊ, दुखतं का? सुटका हवी का?" त्यालाही नाहीच. डोळ्यांत पाणी मात्र भरून आलं.

एका दुपारी राहेलबाई गुडघे टेकून बसली आणि बोलेचना. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कंपाउंडरसाहेब, इतके दिवस मीच बोलून राह्यली. यायले काय पाहिजे, हे मले कुठं ठावं हाय?" नवऱ्याचा हात हातात घेऊन ती म्हणाली, "आज तुमीच मांगा. मी गप बसते."

आम्ही डोळे मिटले. बाहेर शेजारच्या विहिरीवर मोट चालली होती, तेवढाच आवाज. मी मध्येच डोळे उघडले. योहानभाऊंच्या कपाळावर घाम होता, ओठ थरथरत होते. मी हातभर अंतरावर होतो, पण एक अक्षर ऐकू आलं नाही... घरघरसुद्धा नाही. थोड्या वेळानं चेहरा सैल पडला आणि ते झोपले. मी दवाखान्यात परतलो.

दोन-तीन दिवसांनी उन्हं कलताना मी तिथंच होतो. दारात एक माणूस उभा राहिला. पायांवर धूळ, ओठ फुटलेले.

"सखारामदादाचं घर हेच काय?"

राहेलबाई उठली. "गणपतभाऊजी? तुमाले कोनं सांगितलं?"

"काय सांगितलं?" असं म्हणता म्हणता त्याची नजर खाटेकडे गेली. तो तिथंच खाली बसला. "दादाले काय झालं व वैनी?"

त्याला काहीच माहीत नव्हतं. मी खोदून खोदून विचारलं — बाजारात कुणी भेटलं का, कुणी निरोप दिला का. तो एकच सांगत राहिला. "कांद्याले पानी देऊन राह्यलो होतो. सूर्य डोक्यावरून कलला होता. मांगून दादानं हाक मारली, 'गण्या, ये ना बे.' मी वळून पाह्यलं, तं कोनी नाही. बायकोले म्हटलं, दादा बलावते, अन् निंगालो."

"आवाज कसा होता?" मी विचारलं.

"पह्यलेसारखा. चांगला खडा." तो खाटेकडे पाहून म्हणाला, "दादाचा आवाज मी इसरीन काय?"

दिवस कोणता, तेही मी विचारून घेतलं. योहानभाऊंनी स्वतः मागितलं, तोच होता.

गणपत उठला, रांजणातलं पाणी घेतलं, आधी भावाच्या ओठांना लावलं आणि उरलेलं स्वतः प्यायला. योहानभाऊंनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. त्या दिवसानंतर त्यांनी प्रार्थनेत कधीच मान हलवली नाही.

पुढं राहेलबाई एकदा मिरच्या खुडताना म्हणाली, "मी यायचे पाय माह्यासाठी मांगत होती, साहेब. एकटीनं मळा होत नव्हता, भेव वाटे. नाव यायचं, अन् मांगनं माह्यासाठी." तिनं हे शांतपणे सांगितलं. मला मात्र त्या रात्री माझी नेहमीची प्रार्थना म्हणता येईना.

योहानभाऊ चालले नाहीत, बोललेही नाहीत. उन्हाळा लागता लागता गेले. शेवटपर्यंत गणपत उशाशी होता.

वाचा गेलेल्या माणसाची हाक इतक्या कोसांवर कशी गेली? डॉक्टरसाहेबांना विचारलं, पाळकसाहेबांना विचारलं. एक म्हणाले योगायोग, दुसरे म्हणाले कृपा. मला दोन्ही पटलं नाही आणि तिसरं काही अजून सापडलेलं नाही.

दफनाच्या वेळी पाळकसाहेब प्रार्थना सुरू करणार, तेवढ्यात गणपत माझ्याजवळ सरकला. त्यानं हात जोडले होते. हळूच म्हणाला, "साहेब, तुमच्यात इथं देवाले काय मांगतेत?"

तिथली सगळी प्रार्थना मला तोंडपाठ होती. पण काय मागतात, ते मला त्याला सांगता आलं नाही.