वहिनींची कात्री आणि मुकं नाणं

गल्लीत त्यांना सगळे खणखणे म्हणत. खरं आडनाव निराळंच होतं, पण ते पोस्टमनलासुद्धा आठवत नसे. एका बाजूला घड्याळवाला, दुसऱ्या बाजूला छत्र्या दुरुस्त करणारा, आणि मधे चिमटीत धरल्यासारखं यांचं जुन्या नाण्यांचं दुकान. आत दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्याने पोट आत घेऊनच शिरायचं.

नाव पडलं ते त्यांच्या सवयीमुळे. नाणं आलं की ते बोटाच्या टोकावर तोलायचं, पेन्सिलीने कडेला हलकी टिचकी मारायची आणि डोळे मिटून कान जवळ न्यायचा. "चांदी बोलते, सोनं गुणगुणतं आणि शिसं नुसतं खोकतं," असं ते म्हणत. खणखण्यांनी खरं म्हटलं की खरं आणि खोटं म्हटलं की खोटं. काळ्या दगडावरची रेघ.

घेणारा घेवो न घेवो, प्रत्येक नाण्याची गोष्ट मात्र सांगायचीच. नाण्याच्या कडेला बारीक रेघा का असतात? तर पूर्वी लोक कडा हळूच तासून चिमूटभर सोनं घरात ठेवत आणि बोडकं नाणं बाजारात चालवत. रेघा पाडल्या आणि चोरी उघडी पडायला लागली. एखाद्या राजाची लढाई लांबली की त्याच्या चांदीत तांबं वाढायचं. एका राणीला तर नातवंडं झाली, तरी नाण्यावर आपली कोवळी पोरच!

"तिला आरसा नव्हता का हो?" वहिनी विचारायच्या.

"आरसा होता गं. कारागिराला नोकरी प्यारी होती."

वहिनी म्हणजे खणखण्यांची बायको. अख्ख्या गल्लीची वहिनी, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. राजेरजवाड्यांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. नाणी ठेवायला मऊ कापडाच्या पिशव्या लागत, त्या दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात बसून शिवणं हे त्यांचं काम. नवी नवरी असताना त्यांनी एकदा हौसेने तबकभर काळवंडलेली नाणी राखेने घासून लख्ख केली होती. नवरा खूश होईल म्हणून उभ्या राहिल्या, तर नवरा मटकन खालीच बसला. संग्रह करणाऱ्याला नाण्यावरचा जुना काळसरपणाच हवा असतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. घासलेल्या नाण्याइतकाच खणखण्यांना दुसरा एक राग होता, तो नाण्याला कडी लावून गळ्यात घालण्याचा. "राजाच्या नाकात वेसण!" म्हणून ते दिवसभर फणफणत.

तर एवढ्या कानाच्या माणसाचा कानच जायला लागला.

वहिनींच्या लक्षात आलं ते शिट्टीच्या किटलीमुळे. किटली बोंबलून बोंबलून थकली आणि हे शेजारी बसून शांतपणे पेपर वाचतायत. बोलणं ऐकू येई, पण बारीक, उंच आवाज विरून जाई. नाण्याचा आवाज असतो तो नेमका तसाच. मग दुकानात टिचकी एकदा, पुन्हा एकदा, पुन्हा एकदा. नाणं सोडून ते गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायला लागले, तेव्हा वहिनींना काय ते कळलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. एरवी दुपारी येणाऱ्या वहिनी आता सकाळपासूनच येऊन बसायला लागल्या. इतकी वर्षं मागच्या कोपऱ्यात बसून खऱ्याखोट्याचा आवाज त्यांच्या कानात असा मुरला होता, की दूध उतू जायच्या आधी कळावं तसा कळे. नाणं खरं वाजलं की कात्रीने धागा कट्कन कापायचा, खणखण्यांना तो जाडा आवाज ऐकू येई. खोटं असलं की कात्री गप्प. हे कधी ठरलं नाही, कोणी कोणाला सांगितलं नाही. पहिल्यांदा कात्री वाजली तेव्हा खणखण्यांनी मान जराशी वळवली, आणि म्हणाले, "खरं आहे." झालं. तेव्हापासून दुकान कात्रीवर चाललं.

मग लेकीचं बाळंतपण आलं आणि वहिनींना जावं लागलं.

निघताना त्यांनी चाचरत विचारलं, "दुकान थोडे दिवस बंद ठेवता का?"

"का? नाणी काय तू विकतेस?"

वहिनींनी बॅग उचलली.

परत आल्यावर भाजीच्या गाडीपाशी त्यांना नर्सबाई भेटल्या. इस्पितळातून निवृत्त झालेल्या, गल्लीतल्या निम्म्या पोरांना पहिला धपाटा यांचाच. एरवी हसून बोलणाऱ्या बाई आज टोमॅटो उगाच दाबत उभ्या होत्या.

"वहिनी, तुमच्या मिस्टरांनी डोळे उघडले हो माझे. माझी आई घर सोडून निघाली तेव्हा आजोबांनी तिला चांदीचं नाणं दिलं होतं. अडल्यानडल्याला मोड म्हणून. आई उपाशी राहिली, पण तिने ते मोडलं नाही. बापाची आठवण म्हणून. आणि ते निघालं खोटं! बापाने पोरीला खोटं नाणं देऊन वाटेला लावलं, आणि ही बया जन्मभर त्याच्या नावाने डोळे पुसत होती."

"असं कसं होईल?"

"खणखण्यांनी सांगितलंय म्हणजे झालंच की. आजोबांचा फोटो काढून ठेवला मी भिंतीवरून."

वहिनींनी हातातली जुडी गाडीवर परत ठेवली. कात्री नसताना दिलेला निकाल! एका मेलेल्या माणसाला यांनी लबाड ठरवलं होतं, तेही आंधळेपणाने, म्हणजे बहिरेपणाने.

"मला ते एक दिवस द्याल?" त्यांनी विचारलं.

"कायमचं घ्या. मला नको डोळ्यांसमोर."

घरी येऊन वहिनींनी नाणं बोटावर तोललं, टिचकी मारली. नुसतं 'ठप्'. पुन्हा मारली. ठप्. आता मात्र त्या गोंधळल्या. म्हणजे नवरा बरोबर? पण नवऱ्याला तर ठप् आणि खण् दोन्ही सारखंच. मग त्याने कशावरून सांगितलं?

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्याउघडल्या त्यांनी नाणं नवऱ्यासमोर ठेवलं.

"हे परत बघा."

"बघितलंय. खोटं आहे. मी एकदा बोललो ते बोललो."

"ऐकून बोललात?"

खणखणे काच पुसायला लागले. पुसलेलीच काच.

"अहो, मी विचारते आहे."

"तू नव्हतीस," ते काचेकडे बघत म्हणाले. "काही ऐकूच आलं नाही. खरं म्हणून सांगितलं आणि खोटं निघालं, तर दुकानाची अब्रू जाईल, असं वाटलं. खोटं म्हटलं की कोणी विचारायला येत नाही." मग एकदम वळून म्हणाले, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"वा! मग मी कात्री कोणासाठी वाजवत होते, छत्रीवाल्यासाठी?"

ते हसायला गेले आणि त्यांचे डोळे भरून आले. वहिनींनी त्यांच्यापुढे भिंग सरकवलं. "कान गेला तर गेला. डोळे शाबूत आहेत ना? मलाही हे मुकंच वाटतंय. पण मला नाण्यातलं काय कळतं? तुम्ही बघा."

खणखण्यांनी भिंग लावलं. त्या दिवशी ऐकू येत असल्याचं सोंग करण्याच्या नादात त्यांनी धड बघितलंच नव्हतं. वजन केलं. बरोबर, झिजेपुरतं रतीभर कमी. अक्षरं बघितली. मग नाणं उभं धरून कड फिरवायला लागले आणि राजाच्या डोक्यावर येऊन थांबले.

"अगं, इकडे ये. रेघा बघ. इथे तुटल्यात. इथे काहीतरी जोडायला डाग दिला होता, नंतर कानशीने घासलाय." त्यांचा आवाज चढला. "याला कडी होती! डाग देताना सोनाराने नाणं लाल होईपर्यंत तापवलं. तापलेली चांदी मऊ पडते, मग ती बोलत नाही. आणि मागची बाजू बघ, किती गुळगुळीत. अंगावर घासून झालीय. खरं आहे गं हे! शंभर टक्के खरं!"

"मग उठा."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? नर्सबाईंच्या घरी."

खणखणे जन्मात कधी गिऱ्हाइकाच्या दारी गेले नव्हते. त्या दिवशी गेले, ते दुकान भरदिवसा बंद करून. दारातच म्हणाले, "बाई, नाणं खरं आहे, खोटा मी ठरलो. माझे कान गेलेत आणि मी ते लपवलं." सगळं इतक्या मोठ्याने, की जिन्यावरच्या दोन दारांच्या कड्या वाजल्या. ऐकू न येणाऱ्याला आपला आवाज कुठे कळतो!

कडी होती, कोणीतरी गळ्यात घालत होतं, हे ऐकल्यावर नर्सबाई आतून फोटो घेऊन आल्या. आजोबा खुर्चीत, शेजारी आजी उभी. आजीच्या गळ्याशी काहीतरी गोल.

"मी हे बटण समजत होते," त्या म्हणाल्या.

खणखण्यांनी त्या फोटोवरही भिंग लावलं. "बटण नाही. आजींच्या गळ्यातलं उतरवून, कडी काढून तुमच्या आजोबांनी ते लेकीला दिलं. कडीवालं कोणी घेतलं नसतं ना अडल्या वेळी."

नर्सबाईंनी पदराने आजोबांच्या फोटोची काच पुसली आणि नर्सच्या आवाजात म्हणाल्या, "आणि कानाला यंत्र लावा. सोंगं पुरे झाली."

ही बातमी खणखण्यांनी स्वतःच गल्लीत सांगितली, अगदी धीर गोळा करून. घड्याळवाला डोळ्यावरचं भिंग न काढताच म्हणाला, "कात्री आम्हाला केव्हाच कळली होती. आम्ही म्हटलं, वहिनी एवढ्या पिशव्या शिवतात कोणासाठी?"

तेव्हापासून वहिनींची खुर्ची कोपऱ्यातून पुढे आली. वाजवायचं त्यांनी, बघायचं यांनी. यंत्र आलं, पण ते ड्रॉवरमध्येच जास्त असतं. कानात घातलं की घड्याळवाल्याची सगळी घड्याळं एकदम बोलतात म्हणे.

पंधरवड्याने नर्सबाई दुकानात आल्या. नाणं पुढे ठेवून जरा चाचरतच म्हणाल्या, "दादा, रागावू नका. मला याला पुन्हा कडी लावायची आहे. आजीसारखी."

वहिनींनी कात्री खाली ठेवली. आता 'राजाच्या नाकात वेसण!' सुरू होणार!

खणखण्यांनी नाणं उचललं, मऊ पिशवीत घातलं आणि चपला शोधायला लागले. "चला, मीही येतो सोनाराकडे. डाग जुन्याच जागी द्यायला हवा. तो गाढव दुसरीकडे देईल."