हौसाच्या तापावर घेतलेला आळ

सांगलीच्या डॉक्टरांनी कागदावर इंग्रजीत दोन शब्द लिहिले आणि मला वाचून दाखवले, ‘रूमॅटॉइड आर्थ्रायटिस’. म्हणजे सांध्यांची सूज. साधा वात नव्हे. हा आजार दोन्ही हातांचे सांधे सारखेच धरतो आणि हळूहळू वाकडे करतो. पूर्ण बरा होईल असं सांगता येत नाही, असंही ते म्हणाले. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. नवरा लढाईवर गेलेला. पलूसजवळच्या घरी सासूबाई, मी आणि सहा वर्षांची लेक हौसा.

सुरुवात भाकरी थापताना झाली. सकाळी बोटंच मिटेनात. दुपारपर्यंत सैल व्हायची, म्हणून महिनाभर मी गप्प राहिले. कामाला टाळते म्हणतील ही भीती. मग मनगटं सुजली, गुडघे सुजले. साताऱ्याला मामांकडे नेलं. तिथल्या डॉक्टरांनी दातांच्या मुळाशी जंतू दडतात म्हणून माझ्या चार दाढा काढल्या. दुखणं होतं तिथंच राहिलं, हरभरे खायचे तेवढे बंद झाले.

सांगलीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि आधी काही ताप आला होता का, असं विचारलं. मी सांगितलं, हौसाला गोवर आला होता. घरात देवी आली म्हणून फोडणी बंद, औषध बंद, उशाशी कडुलिंबाचा पाला. नऊ दिवस मी तिच्याजवळ झोपले, तिच्या ताटातला उरलेला दहीभात खाल्ला. मग माझ्याही अंगावर दोन दिवस पुरळ उठलं होतं.

डॉक्टर म्हणाले, “काही जंतू सूक्ष्मदर्शकातही दिसत नाहीत. त्यांना व्हायरस म्हणतात. गोवर तसल्यानंच होतो. तुमच्या सांध्यांमागंही तसं काही असेल, कदाचित. पक्कं कुणालाच ठाऊक नाही.”

त्या नऊ दिवसांत पीठ संपलं म्हणून मी जातं फिरवलं होतं. देवी घरात असताना दळायचं नसतं. माझं दुखणं सुरू झाल्यापासून सासूबाई म्हणत होत्या, “दळलंस, म्हणून हात धरलं बग तुजं.” ऐकून ऐकून मी विटले होते. सांगलीहून परतल्यावर मी ताडकन म्हणाले, “जात्यानं न्हाई आत्याबाई, हौसाच्या तापानं झालंय. डॉक्टरच म्हनलं.”

डॉक्टरांचा ‘कदाचित’ हा शब्द मी गिळला. तो रागाने गिळला, हे मला अजून खातं.

दुसऱ्या दिवसापासून हौसाचं ताट वेगळं झालं, अंथरूण ओसरीवर गेलं. आठवड्याने तिला लोणंदला तिच्या आत्याकडे पाठवलं. मी अडवलं नाही. तिची वेणी घालायला हात चालत नाहीत, असं मनाला समजावलं.

पुढे दर आठवड्याला सोन्याचं इंजेक्शन सुरू झालं. खरंच त्यात सोनं असतं. अंगावर कधी तोळाभर चढलं नाही, ते असं अंगात गेलं. दवाखान्याच्या बाकावर बसून वाट पाहण्यात वर्ष गेलं. सूज उतरली, बोटं वाकडी ती वाकडीच राहिली.

शेवटी धीर करून विचारलं, पोरीला जवळ घेतलं तर पुन्हा होईल का. डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. “अहो बाई, मी फक्त एक शक्यता बोललो होतो. आणि हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आणा तिला घरी.”

हौसा आली ती उंबऱ्यातच थांबली. मी हात पुढे केले.

“आये, मी हितंच बसते. माज्यामुळं तुला परत झालं तर?”

मी रडले. डॉक्टरांचं सगळं बोलणं तिला सांगितलं. तिने मान हलवली आणि तिथंच बसून राहिली.

ज्यांच्या घरी असं दुखणं येईल त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. डॉक्टर ‘कदाचित’ म्हणाले तर घरी येऊनही ‘कदाचित’च म्हणा. माझे हात जेवढे चालतात तेवढे त्या डॉक्टरांमुळे, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

हौसा आता माझ्याजवळच झोपते. पण सकाळी माझी बोटं आखडली की ती आधी स्वतःच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघते.