पोटगी आणि न केलेली सही

नातीच्या लग्नात, जेवणे आटोपून पाहुणे खुर्च्या जवळ ओढून बसले असताना, माझ्या पूर्वाश्रमीच्या मेहुण्याने तो किस्सा पुन्हा सांगितला. "आमचे दाजी लय हुशार. बायकोला पोटगी द्यायला लागू नये म्हणून सातपूरची पर्मनंट नोकरी सोडून दिली. गेट उघडं, मॅनेजर म्हणतोय या, आन् हे म्हणे नाय येत." मंडळी हसली. मेहुण्याच्या बोलण्याचे मला काही वाटले नाही; तो आता कानाला यंत्र लावतो आणि त्याला स्वतःचाच आवाज नव्याने आवडू लागला आहे. पण शेजारी बसलेली माझी मुलगीही हसली. ती पन्नाशीला आली आहे. म्हणजे इतकी वर्षे ती हेच खरे धरून चालली आहे. तिची आई तेव्हा आत नवरीच्या पाठवणीत गुंतली होती; नाहीतर हा किस्सा तिथे सांगितला गेला नसता.

दुसरी एक कहाणी माझ्या जुन्या सोबत्यांत फिरते. तिच्यात मी कामगारांची मान ताठ ठेवणारा वीर आहे. तीही खोटी आहे. त्या दिवशी सह्या सगळ्यांनी केल्या, आणि ज्यांनी संपात भाषणे केली होती त्यांनी सर्वांच्या आधी केल्या. मी कुणासाठी काही केले नाही. जे घडले ते मी सांगतो, कारण गेटवर मी होतो. मेहुणाही नव्हता आणि वीरांची कवने गाणारेही रांगेतून केव्हाच आत गेले होते.

सत्तरचे दशक सरता सरता आम्ही पतिपत्नी विभक्त झालो. कारणे दोघांची होती आणि ती दोघांपाशीच राहतील. ती लहान मुलीला घेऊन चांदवडला भावाकडे राहू लागली. भाऊ, म्हणजे हाच मेहुणा, कांद्याचा व्यापार करी. नाशिकच्या कोर्टाने दोघींची पोटगी ठरवली. ती माझ्या पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा होती. मी हुज्जत घातली नाही. पगार झाला की दुसऱ्या दिवशी मी पोस्टात जाऊन मनीऑर्डर करीत असे, आणि नोकरी असेतोवर हा नेम एकदाही चुकला नाही. किश्श्यात हा भाग नसतो.

कारखान्यात मी टर्नर होतो, लेथवर लोखंडी भाग कातणारा. माझ्याकडच्या लेथचे आधीच्या माणसाने हाल करून ठेवले होते. तो मी वर्षभर खपून ताळ्यावर आणला होता. संप पुकारला त्या दिवशी सगळे घोषणा देत बाहेर पडत असताना मी मागे राहिलो, लेथच्या बेडवर ग्रीसचा जाड थर दिला आणि वर गोणपाट टाकले. संप किती लांबेल हे कुणाला ठाऊक नव्हते, आणि उघडे लोखंड दमट हवेत गंजल्यावाचून फार दिवस राहत नाही.

संप मोडला. आधी कुजबुज झाली, मग काही जण तोंड लपवून गेले, मग सगळेच निघाले. गेटबाहेर टेबल मांडून टाइमकीपर सायक्लोस्टाइल केलेली हमीपत्रे घेऊन बसला होता. तेव्हा तशी रीतच होती: संपानंतर आत जायचे तर यापुढे नीट वागू असे लिहून द्यायचे. बहुतेक जण न वाचता सही करीत. मी वाचले. नीट वागण्याला माझी हरकत नव्हती. मी नीटच वागत होतो. पण मधोमध एक वाक्य होते की, संपकाळात मी यंत्रसामग्रीची नासधूस केली याचा मला पश्चात्ताप होत आहे.

टाइमकीपर भला माणूस होता. म्हणाला, "अरे, सगळ्यांना एकच मजकूर आहे. वाचतोस कशाला? सही कर आणि मशीनवर जा."

"मी नासधूस केली नाही."

"केलीस असं मी कुठं म्हणतो?"

"मग हे कोण म्हणतंय? खाली नाव माझं आहे."

रांगेतून कुणीतरी ओरडले, "ओ वकीलसाहेब, भोंगा व्हायची वेळ झाली. भाषण उद्या करा."

मी पेन टेबलावर ठेवले आणि सायकल घेऊन घरी आलो. याला मेहुणा नोकरी सोडणे म्हणतो. उंबऱ्यावर खोटेपणाची अट ठेवून दार उघडे ठेवायचे आणि आत न येणाऱ्याला पळपुटा म्हणायचे, हा न्याय मला तेव्हा समजला नाही आणि आजही समजत नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. गेटवरची गोष्ट औद्योगिक वसाहतभर झाली आणि कोणत्याही मोठ्या कारखान्यात मला कुणी उभे करीना. लहान वर्कशॉपवाले अडल्या कामापुरते बोलावत. द्राक्षांचा हंगाम आला तेव्हा मी पंचवटीपलीकडच्या एका शेडमध्ये फळ्यांच्या पेट्या ठोकू लागलो. केसाएवढ्या फरकासाठी काम परत करणारा मी, तिथे वाकड्या खिळ्यांवर हातोडी मारीत बसे आणि जितक्या पेट्या तितकी मजुरी घेई. त्यातून पूर्ण पोटगी निघणे शक्य नव्हते. वकिलाने सल्ला दिला की, रक्कम कमी करून मागा, फक्त आपण बेकार आहोत असे शपथेवर लिहून द्या. मी बेकार नव्हतो. मला काम नाकारले गेले होते. मी तसा अर्ज केला नाही.

जेवढे जमले तेवढे चांदवडला पाठवले. मनीऑर्डर परत आली. तिच्यावर घेण्यास नकार असल्याचा शेरा होता. मला वाटले, तिने नाकारली. पुढच्या महिन्यात पुन्हा पाठवली आणि तीही परत आली. मग मीही पाठवायचे थांबवले. थकबाकी चढत गेली आणि अखेर कोर्टाचे बोलावणे आले: पैसे भरा, नाहीतर तुरुंगात का पाठवू नये ते सांगा.

कोर्टात ती मुलीला घेऊन आली होती. भाऊ सोबत होता. तिच्या वकिलाने मला मोजकेच प्रश्न विचारले.

"कारखान्याचं गेट उघडं होतं?"

"होतं."

"बाकीचे कामगार आत गेले?"

"गेले."

"तुम्हांला कुणी अडवलं?"

"एका वाक्यानं."

बाकांवर हशा पिकला. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. त्यांनी विचारले, "पूर्ण जमत नव्हतं तर थोडे तरी का पाठवले नाहीत?" मी म्हणालो की पाठवले होते, परत आले. तिने झटकन भावाकडे पाहिले.

मेहुणा उठला आणि अगदी मोकळेपणाने म्हणाला, "मीच परत लावली, साहेब. पोस्टमन आपल्या रोजच्या बसण्यातला हाय. अर्धी घेतली तर पुढं अर्ध्यावरच भागवाया लागंल, असं आम्हाला सांगितलं होतं." बहिणीचे हित पाहिले असेच त्याला वाटत होते. तो दुष्ट नव्हता, हे मी त्याच्या बाजूने लिहून ठेवतो. त्या काळात माझ्या मुलीच्या ताटात त्याचेच अन्न होते.

मॅजिस्ट्रेटांनी हप्ते बांधून द्यायचे ठरवले. कारकुनाने मजकूर लिहून माझ्यापुढे सरकवला. हप्त्यांचे सगळे मला कबूल होते. पण पहिलीच ओळ अशी होती की, मी जाणूनबुजून नोकरी सोडून पोटगी चुकवली, हे मला मान्य आहे. मी पेन खाली ठेवले. माझा वकील दात आवळून पुटपुटला, "सही करा. आत जाल."

"जाईन."

तेव्हा ती उभी राहिली. तिचा वकील तिला खाली बसवू पाहत होता. ती म्हणाली, "साहेब, हे सही करायचे नाहीत. महिनाभर आत ठेवलंत तरी करायचे नाहीत, मी ओळखते यांना. आणि हे आत बसले तर माझी पोरगी काय खाईल? पैशाचं राहू द्या. तेवढी पहिली ओळ काढा."

"अक्का, तू गप बस," भाऊ म्हणाला.

"मनीऑर्डर परत लावताना मला विचारलं होतंस?"

भाऊ बसला. मॅजिस्ट्रेटांनी कागद मागवून घेतला, त्या ओळीवर आडवी रेघ ओढली आणि परत पाठवला. मी सही केली.

बाहेर व्हरांड्यात भाऊ रिक्षा बघायला गेला. ती मुलीचा हात धरून उभी होती. काही तरी बोलणे भाग होते म्हणून मी आभार मानू लागलो. तिने ते पुरे होऊ दिले नाहीत.

"गेटवरच्या कागदातली ओळ खोडा, असं तुम्ही त्या टाइमकीपरला म्हणाला होतात का?"

"त्यांनी खोडली नसती."

"म्हणाला होतात का, एवढंच विचारते."

रिक्षा आली. त्या दोघी चांदवडच्या एसटीसाठी निघून गेल्या. मी ठरलेले हप्ते फेडले, आणि मुलीचे लग्न होईपर्यंत पोटगी पाठवत राहिलो. कोर्टाने तितकी मुदत घातली नव्हती.

मुलीने आता माझ्यावर विश्वास ठेवावा असे मी म्हणत नाही. तिने आईला विचारावे. आमचे कितीही बिनसले तरी माझ्याविषयी तिने कधी खोटे सांगितले नाही. गेट, परत आलेल्या मनीऑर्डरी, खोडलेली ओळ, हे सारे ती मी लिहिले तसेच सांगेल. आणि शेवटी तो व्हरांड्यातला प्रश्नही सांगेल. त्याला माझे उत्तर अजून तेच आहे. मॅनेजर हा मॅजिस्ट्रेट नव्हता. त्याने ओळ खोडली नसती. हे उत्तर तिच्या आईला पटले नव्हते. मुलीला पटेल की नाही, हे तिचे तिने ठरवावे. मात्र आईला विचारल्याशिवाय मामाच्या किश्श्यावर पुन्हा हसू नये.