काकांच्या यंत्रातली ठिणगी

काका गेल्याचा निरोप मला मुंबईत, वसतिगृहाच्या बाईंच्या खोलीत मिळाला. बाई इंग्रजीत हळूहळू सांगत होत्या आणि मी मात्र मनात म्हणत होते, काका हळू कसे गेले असतील... त्यांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट हळू केली नव्हती.

अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर त्यांचं घर. कारखान्यात ते विजेच्या खात्यात सुपरवायझर होते आणि घरी आल्यावर सरकारी परवान्याचे हौशी बिनतारीवाले. पुढच्या खोलीत टेबलभर यंत्रं. त्यातलं सर्वांत मोठं म्हणजे आवाजाला जोर देऊन लांब पोचवणारा अँप्लिफायर, लष्कराच्या मोडीत निघालेल्या सामानातून त्यांनी स्वतः जुळवलेला. आत काचेचा एक जाडजूड व्हॉल्व्ह. तो तापला की भोवती मंद नारिंगी उजेड पडे, आणि काकू म्हणत, "बसले यज्ञाला." काका खरंच मोठ्याने बोलत. माइक समोर असला तर आणखीच. समोरच्या शिंप्याला कुठल्या देशाशी बोलणं चाललंय ते रोज कळायचं.

मी सुट्टीत तिथे जायचे. बोलायची नाही, बघत बसायची. काकांना ते चालायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या नवरात्रातली गोष्ट. पूर्व आफ्रिकेतल्या एका डॉक्टरांचा आवाज काकांना वर्षभर ऐकू येत होता, पण काकांचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. दोघांची पत्रं चालत. शेवटच्या पत्रात डॉक्टरांनी कळवलं होतं की ते आपलं केंद्र मोडून मायदेशी परतत आहेत. दसऱ्यानंतरच्या रविवारी दुपारी चारला शेवटचा प्रयत्न करू. काकांनी त्यासाठी अँप्लिफायर पुन्हा जुळवला, तापू नये म्हणून झाकणाला नवी भोकं पाडली. आणि दसऱ्याला यंत्र सुरू करून ते बोलायला लागले तर आत फट्ट आवाज, निळी ठिणगी, फ्यूज उडालेला.

त्यांना वाटलं, व्हॉल्व्ह गेला. उल्हासनगरच्या कॅम्पात साधूराम नावाचे सिंधी दुकानदार असं सामान विकायचे. मीही काकांबरोबर गेले होते. साधूरामांनी खोक्यातल्या भुशातून एक व्हॉल्व्ह काढला, तळहातावर धरला आणि म्हणाले, "साईं, ये आखिरी है. इसको रुलाना मत." काका येताना तो मांडीवर घेऊन बसले होते.

नवा व्हॉल्व्ह लावला. पुन्हा फट्ट. आता काका घाबरले, कारण अशा चार-दोन ठिणग्यांत हाही जाणार आणि तिसरा कुठून आणायचा? त्यांनी धूळ पुसली, डाग दिलेले सांधे तपासले, स्क्रू आवळले. शनिवार उजाडला तरी दोष सापडेना.

शनिवारी दुपारी त्यांनी खिडकीला चादर लावून खोली काळोखी केली, एरियल काढून त्या जागी साधा शंभराचा दिवा जोडला, म्हणजे आवाज बाहेर न जाता दिव्यातच जिरेल. ठिणगी कुठे पडते ते त्यांना आत बघायचं होतं, म्हणून माइकवर मला बसवलं. मी इंग्रजीतून बाराचा पाढा म्हटला. पूर्ण म्हटला. दिवा तेवत राहिला, ठिणगी पडलीच नाही.

काका वाकलेले सरळ झाले. माझ्याकडे असे बघत राहिले की मला वाटलं काहीतरी चुकलं. मग त्यांनी मला समजावलं: मोठ्याने बोललं की आतला विजेचा दाब क्षणभर दुप्पट होतो, हळू बोललं की होत नाही. म्हणजे व्हॉल्व्ह शाबूत होता. दाब वाढला की उडी मारायला विजेला कुठेतरी जवळची वाट मिळत होती. "नलू, तुझ्या लाजण्यानं अर्धं काम केलं," ते म्हणाले. "आता उरलेलं अर्धं. ओरड."

मला येईना. स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "अगं, त्यांच्यावर ओरडायची संधी मला कधी मिळाली नाही, तू घे."

मी डोळे मिटून ओरडले. दिवा झळकला आणि फट्ट.

"दिसली," काका म्हणाले. वीज बंद करून, बांबूला बांधलेली तार आत टेकवून त्यांनी आतला विजेचा उरलासुरला साठा जिरवला, मग टॉर्च धरला. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांच्या फटीत तांदळाचा एक दाणा अडकला होता. जळून काळा झालेला, एका टोकाला अजून लाल. खंडेनवमीला काकूंनी यंत्राची पूजा केली होती. कुंकवात भिजवलेल्या अक्षता दरवर्षीप्रमाणे झाकणावर पडल्या, आणि या वर्षी झाकणाला भोकं होती.

काकूंचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. "भोकं तुम्ही पाडलीत," त्या म्हणाल्या. "माझ्या अक्षता पडायच्या तिथेच पडल्या." काका जमिनीवर बसून इतके हसले की शिंपी दारात येऊन बघून गेला.

रविवारी चारला काका बोलले. अर्थातच मोठ्याने. खरखर... मग पलीकडून डॉक्टरांनी काकांचं नाव घेतलं. काकांनी हेडफोन काढून आधी काकूंच्या कानाला लावला. सोळा मिनिटं बोलणं झालं. साधूरामांना कळवायला ते दुसऱ्या दिवशी मुद्दाम कॅम्पात गेले.

काकांना जाऊन आता दीड महिना झाला. परवान्याच्या परीक्षेला मी फॉर्म भरला आहे. पास होईपर्यंत एरियलला हात लावायचा नाही. गेल्या रविवारी मात्र अंबरनाथला गेले, यंत्र पुसलं, दिवा जोडला आणि माइकसमोर बसले. काकू दाराशी उभ्या होत्या. मी हॅलो म्हटलं. दिवा जेमतेम तेवला.

काकू आत आल्या, झाकणाच्या भोकांतून वाकून बघितलं आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

"आत काही नाहीये," त्या म्हणाल्या. "मोठ्याने बोल."