अट्रॅक्टाचा नियम

अट्रॅक्टाला कोणी गोड बाई म्हणणार नाही. आयर्लंडमधल्या क्लेअरच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात ती तेवीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसली. पाकिटावर पत्ता अर्धवट लिहिला म्हणून तिने खुद्द पाद्रीबाबांना रांगेत परत उभं केलं होतं. पण समुद्रात तिच्यासारखी तीच. फेब्रुवारीत पाणी हाडं ठणकवतं, तेव्हाही ती साध्या पोहण्याच्या कपड्यांवर खाडीच्या दगडी पायऱ्या उतरायची आणि हूं की चूं करायची नाही.

आम्हा पोहणाऱ्यांचा नियम तिनेच घालून दिला. पायऱ्यांवरून उतरायचं ते साध्या पोहण्याच्या कपड्यांतच. ज्याला ऊब राखणारा रबरी वेटसूट हवा, त्याने वळणापलीकडच्या शेवाळलेल्या खडकावरून उतरावं. "रबरात शिरूनच पोहायचं, तर घरच्या टबात का नाही डुंबत?" असं ती तोंडावर विचारायची. आम्ही हसायचो. मीसुद्धा.

मग तिच्या नवऱ्याला, कोलमनला, कॅन्सर झाला. उपचारांनी अंगातली ऊबच गेली. डॉक्टर म्हणाले, पोहायचं तर वेटसूट घाला. तो तसा पायऱ्यांशी आला तेव्हा आम्हाला वाटलं, आता तरी ही विरघळेल.

"कोलमन, तिकडून," ती म्हणाली.

"अगं, चाळीस वर्षं संसार केलाय आपण!"

"म्हणूनच. लोक म्हणतील, घरच्याला सवलत दिली."

तो हसला आणि गेला. दोन हिवाळे तो तिकडे एकटाच पोहला. नंतर घरीच, अंथरुणात वारला.

गेल्या नोव्हेंबरात अट्रॅक्टाच्या हृदयाने दगा दिला आणि तिच्याही नशिबी वेटसूट आला. नाताळच्या सकाळी सगळं गाव खाडीवर पोहायला जमतं. ती काळ्या रबरात आली तशी गर्दी बाजूला सरली. जिला तिने याच कारणावरून दहादा हिणवलं होतं, ती गोबनेट पुढे झाली.

"इथूनच उतर गं बाई. नियम गेला खड्ड्यात."

अट्रॅक्टाचा पाय पहिल्या पायरीवर गेलाही होता. तिने तो मागे घेतला आणि वळणाकडे चालू लागली. पडेल म्हणून मी मागोमाग गेले.

खडकात एक लोखंडी कडी ठोकलेली होती आणि तिला गाठी मारलेला दोर.

"हा कोणी बांधला?" तिने विचारलं.

"कोलमनने. हात द्यायला कोणी नसायचं ना. ठोकताना कडी मी धरली होती."

हे सांगताना मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस."

ती दोराच्या गाठी चाचपू लागली. "दोन वर्षं," ती म्हणाली. "आणि मी एकदाही इथे डोकावले नाही."

ती पोहून परत आली तेव्हा पायऱ्यांवर चहात व्हिस्की पडत होती. गोबनेटने तिच्या हातात कप दिला. "आम्ही सगळ्यांनी हात वर केले. नियम रद्द. उद्यापासून तू इथूनच यायचं."

अट्रॅक्टाचे ओठ निळे पडले होते. तिने कप खाली ठेवला.

"कोणी काही रद्द करणार नाही. आज नियम मोडला, तर त्याला मी कशासाठी हाकललं होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा वळणापलीकडे गेली, एकटी. मी पायऱ्यांवरूनच उतरले.