मैनाचं बारसं आणि गल्लीचं नेट

चहा घेता घेता सांगते, पण एक अट आहे. आमच्या कॉलेजात कुणाजवळ बोलायचं नाही. तिथं मला अजून लोक कॉम्प्युटरच्या मॅडम म्हणतात.

हाव, खरंच! नांदेडात ज्युनिअर कॉलेजला पंधरा वर्षं झाली, कॉम्प्युटरच शिकवून राहिले. घरी मी आणि आई, दोघीच. आई जळकोटकडची, चौथीपर्यंत शिकलेली. धाकटा भाऊ दीपक जर्मनीत. त्याला मुलगी झाली आणि बारसं व्हिडिओवर करायचं ठरलं. का? तर आत्या इथं ना! बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं ते आत्यानंच, आणि मग जमलेल्या बायकांनी आत्याच्या पाठीत बुक्के घालायचे. आत्याशिवाय कसलं आलंय बारसं?

नाव दीपकनं फक्त मला सांगितलं होतं. मैना. आमच्या आईच्या आईचं नाव. आई लहान असतानाच ती गेली, तिचा एक फोटोसुद्धा नाही. हे नाव आईनं बारशाच्या वेळीच पहिल्यांदा ऐकायचं, माझ्या तोंडून, असं आम्हा भावंडांचं ठरलेलं. आई दीड महिना खोदून खोदून विचारत होती. मी दाद दिली नाही. एवढी गोष्ट माझ्या पोटात कशी राहिली, माझं मला ठाऊक.

अडचण एकच होती. आमच्या घरी व्हिडिओ अडकायचा. बाळ तोंड उघडायचं आणि तसंच थांबायचं. आई विचारायची, हसायली का रडायली तेवढं तरी सांग.

झालं, आत्याबाईंच्या अंगात आलं! राउटरमध्ये कंपनीनं घातलेलं फर्मवेअर असतं, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्रॅम. ते काढायचं आणि नेटवर फुकट मिळतं ते दुसरं, लई भारी फर्मवेअर टाकायचं. बारशाच्या आदल्या दिवशी असले उद्योग कुणी करतं का? मी केले.

सगळं सुरळीत झालं. डब्बा बंद होऊन पुन्हा चालू झाला, नवं पान उघडलं आणि वाय-फायचं नाव काय ठेवायचं म्हणून विचारायला लागलं. त्यात बघा, जुन्या फर्मवेअरला मराठी अक्षरं चालत नव्हती, याला चालत होती. आता नाव ठेवायचंय आणि समोर बसलीय आत्या! बोटं आपोआप चालली. मैना. इतकं गोड दिसलं म्हणून सांगू! पासवर्ड नंतर टाकू म्हटलं आणि घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घालायला उठले. नेट चालतंय का, ते बघायचं राहूनच गेलं.

सकाळी वाय-फाय लागतंय, दिवे लुकलुकतायत आणि नेटचा पत्ता नाही. वायर काढली, लावली. डब्बा बंद केला, चालू केला. शेवटी हातही जोडले. बारसं दुपारी चारला. मोबाइलचं नेट वापरावं, तर आमच्या घरात रेंज कधी येते, एक पाय खिडकीबाहेर काढून उभं राहिलं तर.

मग केबलवाल्या अनिसभाईंना फोन लावला. त्यांचा पहिलाच प्रश्न, "मॅडम, डब्ब्याला काही केलं का तुम्ही?"

आता पंधरा वर्षांची मॅडम काय सांगणार?

"न्हाई हो. हातसुद्धा लावला न्हाई."

इथंच माती खाल्ली मी! अनिसभाई भला माणूस. मॅडम म्हणतात म्हणजे घरात काही बिघाड नाही, लाइनीतच असणार, असं समजून ते आले आणि खांबावर चढले. कोपऱ्यावरची पेटी बंद करून एकेक जोड तपासायला लागले. पेटी बंद म्हणजे अख्ख्या गल्लीचं नेट बंद! काय झालं म्हणून जो तो आपला फोन बघायला लागला, तर यादीत एक नवंच वाय-फाय, पासवर्ड नसलेलं. ज्यानं त्यानं दाबलं. नेट तिथंही नव्हतं, पण फोन जोडले गेले ते गेलेच. मला याचा काही पत्ता नाही.

तीन वाजले. अनिसभाई तिसऱ्या खांबावर, घामाघूम. इकडं आई ठेवणीतलं लुगडं नेसून लॅपटॉपसमोर बसलेली. रिकाम्या पडद्याकडं बघत म्हणाली, "ऱ्हाऊ दे माय, न्हाई जमलं तर हितूनच नाव घे. पोचतंय लेकराला."

मला रडूच आलं. तशीच अनवाणी खाली पळाले आणि खांबाखाली उभं राहून सगळं कबूल केलं.

अनिसभाईंनी वरूनच बघितलं. "मॅडम, ये सुबेच बोलना था ना."

मग खाली उतरून समजावलं. आमच्या कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्ड जुन्या फर्मवेअरसोबत पुसून गेले होते. त्यांनी आपल्या वहीतून सांगितलं, मी टाकलं. दोन मिनिटांचं काम! त्यांनी पेटीही चालू केली.

चारला दीपक दिसला, भावजय दिसली, बाळाचं टोपडं दिसलं आणि चित्र थांबलं. राउटरचं पान उघडून बघते तर एकतीस फोन मैनाला लटकलेले! पासवर्डशिवाय वाय-फाय ठेवू नका, हे मी पोरांना पहिल्याच तासाला शिकवते, बरं का. तेव्हा मात्र पासवर्ड टाकायचं सुचलंच नाही. गॅलरीत धावले आणि पार कोपऱ्यापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडले, "मैनाला सोडा! सगळ्यांनी मैनाला सोडा, आमचं बारसं आहे!"

आणि मग कळलं, काय ओरडले ते.

दीड महिना जपलेलं नाव. बाळाच्या कानात सांगायचं नाव. ते मी गॅलरीतून गल्लीला सांगून बसले होते. मागं वळायची हिंमत होईना.

आई दारातच उभी होती. डोळे पुसत होती आणि हसतही होती.

"आगं, मला सकाळीच कळलं," ती म्हणाली. "नेट का लागंना म्हनून फोनात बघितलं, तर नाव दिसलं. माझ्या आईचं नाव कुठंच लिवलेलं न्हवतं गं. सातबाऱ्यावर बी न्हाई. सकाळधरनं धा येळा वाचलं म्या."

"मग बोलली का न्हाईस?"

"आत्याचा मान हाय त्यो. चल, पोरगी ताटकळली."

तोवर फोन सुटले होते आणि आरोळी ऐकून गल्लीतल्या बायकाच वर आल्या होत्या. बाळ हललं, जांभई दिली. भावजयीनं फोन बाळाच्या कानाशी धरला. मी कुर्र केलं आणि मैना म्हटलं. बाळ टकामका बघत होतं. आईनं पडद्यावरूनच तिची अलाबला घेतली.

मग राहिले बुक्के. रिवाज म्हणून हलकेच घालतात, तुम्हाला माहीतच आहे. पण त्या दिवशी माझ्या मागं ज्या उभ्या होत्या, त्यांचं सगळ्यांचं नेट मी दुपारभर घालवलं होतं. एकीनंही हात आखडता घेतला नाही. तरी त्यांचं काही वाटलं नाही हो.

सगळ्यात जोराचा बुक्का आईचा होता. "ह्यो, दीड महिना सांगितलं न्हाई म्हनून," म्हणाली.