मंगळावरचा पाहुणचार

माणूस मंगळावर राहायला गेला तर काय काय अडचणी येतील हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण मी तिथे दीड दिवस काढून आलो आहे. तो मंगळ वणीत, आमच्या शाळेच्या सभागृहात होता. बांबूचा सांगाडा, त्यावर जाड प्लास्टिक आणि आत जमिनीवर लाल मुरूम. सभागृहामागचं शौचालयही आम्ही मंगळातच धरलं. शास्त्राला कुठेतरी थांबावं लागतं.

विज्ञानाचे सर निवडणुकीच्या कामावर गेले, म्हणून मुख्याध्यापकांनी विज्ञान प्रदर्शन मराठीच्या शिक्षकाच्या, म्हणजे माझ्या, गळ्यात घातलं. मला नाटकं बसवायची जुनी खोड. थर्माकोलचे ग्रह टांगण्यात मला काडीचा रस नव्हता. मी जाहीर करून टाकलं की चार माणसं शनिवारी सकाळी आत जातील आणि रविवारी संध्याकाळी सहाला बाहेर येतील. प्यायला पाण्याचे तीन कॅन, चहासाठी विजेची किटली. मधे काही आत येणार नाही. पाणी संपलं की मोहीम संपली.

कप्तान अर्थातच मी. माझी बायको डॉक्टर, कारण तिच्या पर्समध्ये डोकेदुखीची गोळी कायम असते. शेतीतज्ज्ञ म्हणून मारेगावकडचा माझा एक शेतकरी दोस्त. त्यानं मुरूम बोटांत चुरडून पाहिला आणि यात तणही येणार नाही असं सांगून मोहिमेतलं आपलं काम पहिल्या पाच मिनिटांत संपवलं. चौथी होती दहावीतली एक मुलगी, ट्रक दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीची. या सगळ्या खेळात खरंखुरं काही पणाला लागलं असेल तर ते तिचं.

तिला दहावीनंतर नागपूरला वसतिगृहात राहून सायन्स घ्यायचं होतं. बापाचा नकार होता. मावशीकडे, वणीतल्या वणीत, राहायला गेलेली पोर दिवेलागणीला घरी परत येते, ती नागपुरात काय टिकणार, असं त्याचं म्हणणं. मंगळाचं ऐकल्यावर तो हसला आणि माझ्यासमोर तिला बोलला, सहा वाजेपर्यंत टिकलीस तर वसतिगृहाचा अर्ज भरतो, आधी बाहेर आलीस तर वणीतच कॉमर्स.

मी तयारीला बरंच वाचलं होतं. तिकडे हवा नाही, पाणी नाही, किरणं अंग जाळतात, महिनोन्‌महिने तीच तीच तोंडं बघून माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात. शास्त्रज्ञांनी सगळ्याचा विचार केला आहे. त्यांच्या यादीत जावयाचा उल्लेख मात्र कुठेच नव्हता.

शनिवारी अकराच्या सुमारास शेतकऱ्याचा जावई मुकुटबनहून मंगळ बघायला आला. प्लास्टिकपलीकडे उभा राहून त्यानं नमस्कार केला. शेतकरी कासावीस झाला. माझ्याकडे बघितलं, किटलीकडे बघितलं.

“सर, जावई हाय. कोरडा कसा पाठवू?”

कप्तान या नात्यानं मी नाही म्हणायला हवं होतं. पण मी वऱ्हाडातला आहे. दगड-मातीचे नमुने सरकवण्यासाठी खाली एक झडप ठेवली होती, तिच्यातून चहाचा पहिला कप पृथ्वीवर गेला. जावयाबरोबर त्याचे दोन मित्र होते. एकाला द्यायचा आणि दोघांना तोंड बघायला लावायचं, हे कुठल्याच ग्रहावर शोभत नाही. मग मुख्याध्यापक आले. मग माझ्या बायकोच्या भिशीतल्या बाया आल्या. तिनं चहाआधी प्रत्येकीला पाणीही विचारलं, आणि वर “बसा ना, घाई काय आहे” असंही सांगितलं. मंगळावर चहा मिळतो ही बातमी गावभर व्हायला किती वेळ लागणार? मी तर रंगात येऊन झडपेशी बसलो, कप सरकवत प्रत्येकाला गुरुत्वाकर्षण समजावत. इतकी गर्दी माझ्या कुठल्याच नाटकाला झाली नव्हती.

पाचला दुसरा कॅन आडवा झाला.

तेव्हा ती मुलगी उठली. दिवसभर ती मुकाट्यानं नोंदवहीत आमचे कप लिहीत होती. तिनं किटलीची पिन काढली, तिसरा कॅन ओढत कोपऱ्यात नेला आणि त्याला पाठ लावून बसली. “सर, आता पाणी मी देईन,” एवढंच बोलली. माझी कप्तानी अशी गेली. त्यानंतर आम्हाला तासाला अर्धा ग्लास मिळू लागला. शेतकरी पुटपुटला की आमच्या बैलांनाही यापेक्षा जास्त मिळते. बायको माझ्याशी बोलेनाशी झाली. म्हणजे तेही पुस्तकात लिहिल्याप्रमाणेच घडलं.

रविवारी दुपारी उन्हातून तिचा बाप आला. हात ग्रीसनं काळे, शर्ट घामानं भिजलेला. जावयाच्या वेळचे बरेच प्रेक्षक पुन्हा हजर होतेच. त्याला काही तिची परीक्षा घ्यायची नव्हती, त्याला नुसती तहान लागली होती.

“बेटा, थोडं पाणी दे.”

बायकोनं सवयीनं ग्लास उचलला. मुलगी कॅनपुढून हलली नाही.

“अब्बा, बाहेर व्हरांड्यात नळ हाय.”

“मले मालूम हाय नळ कुठं हाय. तुले मांगून राह्यलो.”

“हे चार जणांचं हाय. सहा वाजेपर्यंत पुरवाचं हाय.”

मग मागून कोणीतरी बाई बोलली, बापाले पाणी नाही देत, काय शिकते मग ही शाळेत? शेतकरी माझ्या कानाशी लागला, आपल्या वाटचं देऊन टाकू. मुलीचे डोळे भरले होते. पण तिनं नकारार्थी मान हलवली, आणि बाप वळून चालू लागला. व्हरांड्यातल्या नळाचा आवाज आत येत होता. बराच वेळ येत होता. तेवढं पाणी एक माणूस पीत नाही, तोंड धूत असावा.

तो परत आला आणि सहापर्यंत भिंतीशी उभा राहिला. आम्ही बाहेर पडलो तेव्हा कॅनमध्ये दोन ग्लास पाणी उरलं होतं. मुलीकडे न बघता तो माझ्याशी बोलला.

“सर, आमच्या घरी समदे मऊ. म्या तं सर्वात जास्त. माह्या तोंडाकडं पाहूनबी हे नाही म्हनते, तं नागपूरवाले हिचं काय वाकडं करतीन?”

अर्ज भरायला दोघं आमच्या घरी आले. पालक भेटीला कोणत्या वारी येतील, असा त्यात एक रकाना होता. त्यानं सोमवारपासून रविवारपर्यंत सातही वार लिहिले, ठसठशीत अक्षरात. मुलीनं वाचलं, त्याच्या हातातून पेन घेतला आणि सहा खोडले.